'कोण आहे?' : जोशी-अभ्यंकर हत्याकांडानंतरचं पुणं, तुमच्या आठवणींतून (अनुभव धागा)

जोशी-अभ्यंकर प्रकरणाचं नाव काढलं की साठीपुढचा पुणेकर आधी आवाज खाली आणतो आणि मग तासभर बोलत बसतो. ते बोलणं लिहून ठेवावं, एवढाच या धाग्याचा हेतू.

नव्या मंडळींसाठी थोडक्यात सांगते. राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप आणि मुनव्वर शाह हे चौघे टिळक रस्त्यावरच्या अभिनव कला महाविद्यालयाचे विद्यार्थी. जानेवारी १९७६ मध्ये त्यांनी आपल्याच कॉलेजातल्या एका मुलाला मारलं आणि प्रेत पिंपात घालून पेशवे पार्कच्या तळ्यात बुडवलं. ३१ ऑक्टोबरला विजयनगर कॉलनीतले जोशी पती-पत्नी आणि त्यांचा मुलगा. नोव्हेंबरात ते शंकरशेट रस्त्यावरच्या एका बंगल्यात शिरले, पण तिथली मालकीण आणि नोकर झटापटीला उभे राहिले, तेव्हा पळाले. १ डिसेंबरला भांडारकर रस्त्यावरचा 'स्मृती' बंगला. संस्कृत व्याकरणाचे विद्वान काशिनाथशास्त्री अभ्यंकर, त्यांच्या पत्नी, नात, नातू आणि घरात कामाला असलेल्या बाई, असे पाच जण तिथे गेले. २३ मार्च १९७७ ला कॉलेजातल्या एका मित्राच्या धाकट्या भावाला मारून नदीत टाकलं, ते प्रेत दुसऱ्या दिवशी येरवड्याला वर आलं. ३० मार्चला अटक झाली. एकूण दहा खून.

मारलं कसं, ते इथे लिहू नका. नेटवर त्याचा खच पडलाय. मला हवेत ते ऑक्टोबरअखेर ते मार्चअखेरचे महिने, जेव्हा कुणालाच काही माहीत नव्हतं. तुमचं घर, तुमचा वाडा, तुमची गल्ली. आणि मुख्य म्हणजे संशय. तो कुणाकुणावर घेतला गेला आणि शेवटी निघालं कोण, याबद्दल आपण फारसं बोलत नाही. मृतांच्या हयात नातेवाइकांविषयी एक ओळही नको.

सदाशिव पेठ, तेव्हा नववीत

आमचा वाडा नागनाथ पाराजवळ. दिंडी दरवाजा रात्री दहाला लावायचा असा नियम होता, म्हणजे तो साडेअकराला लागायचा, कारण कुणीतरी नाटकाला गेलेलं असायचं. खोल्यांची दारं दिवसभर लोटलेली. शेजारच्या काकू वाटीभर साखर मागायला यायच्या त्या थेट स्वयंपाकघरात.

विजयनगर कॉलनीतली बातमी आली तेव्हा दिवाळी नुकतीच झाली होती, डब्यांत चकल्यांचा चुरा शिल्लक होता. पहिले काही दिवस मोठ्यांच्या बोलण्यात एकच सूर : 'ओळखीतल्यांनी केलं असणार', 'पैशाचं काहीतरी असेल', 'भाऊबंदकी'. आता कळतं, प्रत्येकजण असं कारण शोधत होता जे स्वतःच्या घराला लागू पडत नाही. अभ्यंकरांच्या बातमीनंतर ते बंद झालं. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या शास्त्रीबुवांशी कुणाचं काय वैर असणार? मग सगळ्यांचीच तंतरली. संध्याकाळी सहाला लक्ष्मी रस्ता ओस पडायचा. रात्रीच्या खेळाला जाणारा माणूस एक तर शूर, नाहीतर बाहेरगावचा.

वडिलांनी दाराला नवी कडी, साखळी आणि आडणा असं सगळंच बसवून घेतलं. त्यासाठी सुताराच्या मागे लागावं लागलं, कारण गल्लीत सगळ्यांचं तेच काम चाललं होतं. पेपरात नायलॉनच्या दोरीचं वाचल्यावर आईने गॅलरीतली वाळत घालायची दोरी कापून टाकली आणि काथ्याची बांधली. काथ्या ओला झाला की रंग सोडतो. शाळेच्या पांढऱ्या सदऱ्यावर छातीच्या आडवी तपकिरी रेघ उठायची, ती नीळ घालूनही जात नसे. वर्गात निम्म्या पोरांच्या सदऱ्यांवर ती रेघ होती. मास्तरांनीही कधी विचारलं नाही.

पुरुषांनी गस्तीच्या पाळ्या लावल्या. शस्त्रं म्हणजे क्रिकेटचे स्टंप, एक गुप्ती (ती कुणाच्या आजोबांची, म्यानातून निघतच नव्हती) आणि मुसळ. गस्तीने पकडला कोण, तर तारवाला. रात्री अकराला वाड्यात शिरला म्हणून त्याला हौदापाशी बसवून ठेवला. त्याने खाकी कपडे, बिल्ला, पिशवी सगळं दाखवलं. यांचं म्हणणं, कपडे काय कुणीही शिवून घेईल. शेवटी तार फोडून वाचली. आमच्याच वाड्यातल्या जोगळेकरांना नातू झाल्याची होती. तरी त्याला सोडताना एकजण म्हणालाच, 'पण दिसायला संशयास्पद आहे.' तारवाला सावळा होता आणि मराठी जरा वेगळं बोलायचा, एवढंच संशयास्पद.

नारायण पेठ, तेव्हा अकरा वर्षांची

आणीबाणी चालू होती आणि माझे वडील मिसा कायद्याखाली (विनाचौकशी स्थानबद्धता) येरवडा तुरुंगात होते. घरात आई, आजी आणि आम्ही दोघी बहिणी. वर्षभर नातेवाईक आमच्याकडे यायला कचरत होते, कारण साध्या वेशातला पोलीस कोपऱ्यावर उभा असतो असा समज होता. डिसेंबरात तेच नातेवाईक यायला लागले. 'एकट्या बायका आहात, आमच्याकडे झोपायला या.' आजी फणकाऱ्याने म्हणाली, 'इतके दिवस पोलीस आहे म्हणून येत नव्हतात, आता पोलीस नाही म्हणून येताय.'

आईने वडिलांना पत्रात खुनांबद्दल अक्षर लिहिलं नाही. त्यांना काळजी नको, आणि पत्र आधी कुणीतरी उघडून वाचणारच. वडिलांचं उत्तर आलं : प्रकृती ठीक, वाचन चालू, मुलींचे गणिताचे मार्क कळवा, आणि खाली तळटिपेसारखं, 'वरची कडीही लावत जा. ती जरा गंजली आहे, तेल सोड.' आत पेपर मिळायचा हे आम्हाला तेव्हा कळलं. आई ती ओळ वाचून हसली आणि मग मोरीत जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिली.

जानेवारीत निवडणुका जाहीर झाल्या आणि वडील सुटले. आमच्या घराला धीर आला, गावाला आला नव्हता. मार्चमध्ये निकाल लागले, मोहन धारिया निवडून आले, लक्ष्मी रस्त्यावर गुलाल. माझ्या डोक्यात त्या आठवड्याची कायमची गल्लत झालेली आहे. ज्या मुलाला २३ मार्चला नेलं, तो भावाला भेटायला अलका टॉकीजला निघाला होता आणि वाटेत त्याला ओळखीच्याने गाडीवर घेतलं. त्याच आसपास मी वडिलांचं बोट धरून अलका चौकात पेढे घ्यायला गेले होते. रस्ता अजून गुलाबी होता. त्या दिवशी पुण्यात कुणी कुणाकडेही संशयाने बघत नव्हतं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच.

संस्कृतचा निवृत्त प्राध्यापक

शास्त्रीबुवांचं नाव नेटवर शोधलं की पहिली दहा पानं खुनाची येतात, याचा मला राग येतो आणि तो इथे नोंदवतो. महामहोपाध्याय वासुदेवशास्त्री अभ्यंकरांचे हे चिरंजीव. वासुदेवशास्त्रींनी पतंजलीचं महाभाष्य मराठीत आणलं, त्याचा प्रस्तावना खंड काशिनाथशास्त्रींचा. अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात त्यांनी वर्षानुवर्षं शिकवलं. संस्कृत व्याकरणाच्या पारिभाषिक शब्दांचा त्यांनी केलेला इंग्रजी कोश १९६१ मध्ये बडोद्याहून निघाला. आज जपानमध्ये किंवा जर्मनीत कुणी पाणिनी वाचायला बसला तरी त्याच्या टेबलावर तो असतो. माझी प्रत बांधणी उसवून दोनदा शिवून घेतलेली आहे.

तेव्हा मी एम.ए.ला होतो. पुण्यात पाठ घेण्याची पद्धत अशी की गुरुजींच्या घरी पहाटे जायचं, दार लोटलेलं असायचं, पायरीवर चपला काढून थेट माजघरात बसायचं. डिसेंबर १९७६ नंतर आमच्या गुरुजींच्या मुलांनी दाराला कडी लावायला सुरुवात केली. गुरुजींना ऐकू कमी यायचं, आवाजावरून विद्यार्थी ओळखता येईना. मग त्यांनी स्वतःच तोड काढली. कडी वाजवली की आतून खणखणीत आवाजात 'वृद्धिरादैच्' असं यायचं. बाहेरून 'अदेङ्गुणः' आलं की दार उघडायचं. अष्टाध्यायीचं पहिलं सूत्र त्यांचं, दुसरं आमचं. एकदा दूधवाला अर्धा तास बाहेर उभा राहिला. पुढे तोही शिकला, आणि त्याचे उच्चार आमच्यातल्या दोघांपेक्षा स्वच्छ होते.

अटकेनंतर गुरुजींनी तो प्रकार बंद केला. मी म्हटलं, राहू दे की, गंमत होती. ते म्हणाले, 'चौघेही विद्यार्थीच निघाले ना रे.'

पर्वती पायथा, आई चार घरची कामं करायची

वर सगळ्यांनी दारं लावल्याचं लिहिलंय. त्या दारांबाहेर आम्ही होतो, म्हणून लिहिते.

आई डेक्कनला आणि प्रभात रोडला धुणीभांडी करायची. एका घरची मागल्या दाराची किल्ली तिच्याकडे असायची, कारण ती मंडळी सकाळी फिरायला जायची आणि आई तोवर भांडी उरकायची. जोशींचं झालं त्याच आठवड्यात त्यांनी किल्ली मागून घेतली. रागाने नाही, गोडच बोलून. 'तुमच्यावर विश्वास आहे हो, पण दिवस वाईट आहेत.' मग आईला त्यांची फेरी होईपर्यंत पायरीवर बसून राहायला लागायचं, आणि पुढची घरं उशिरा होऊन तिथली बोलणी खायला लागायची.

अभ्यंकरांच्या नंतर चौकीवरून बोलावणी सुरू झाली. वस्तीतले गडी, माळी, रखवालदार, रंगारी, ज्याचा बंगल्यांत वावर तो प्रत्येक जण. मामा एका बंगल्यावर माळीकाम करायचा. त्याला रात्रभर बसवून ठेवला, हातांचे ठसे घेतले. मारलं का, ते त्याने कधी सांगितलं नाही. पण पुढे कित्येक दिवस तो सायकल हातात धरून चालायचा, सीटवर बसायचा नाही. त्याच्या मालकांनी सकाळी जाऊन सोडवून आणला, हेही सांगते. तो म्हातारा चौकीत खुर्चीवर बसायला तयार झाला नाही. 'हा उभा आहे तोवर मी पण उभा राहतो' म्हणाला.

अटक झाल्याचं कळलं तेव्हा आई नळावर होती. कुणीतरी म्हणालं, कॉलेजातली पोरं निघाली. आईने कळशी खाली ठेवली आणि म्हणाली, 'आता त्यांचे ठसे घेतील का सगळ्या कॉलेजांतल्या पोरांचे?' किल्ली काही परत मिळाली नाही. 'सॉरी' वगैरे म्हणायची पद्धत तेव्हा नव्हती.

आणि आणखी एक. शंकरशेट रोडच्या बंगल्यात त्यांना पळवून लावलं त्यात नोकर होते, आणि 'स्मृती'त जे पाच गेले त्यात एक कामवाली होती, साठीची बाई. या दोन गोष्टी ज्या शहराला ठाऊक होत्या, तेच शहर नोकरांना चौकीत बसवत होतं. वर धागाकर्तीने निदान मोजलं तरी त्या बाईंना. एरवी लोक 'अभ्यंकर कुटुंब' म्हणून मोकळे होतात.

सांगलीहून पुण्याला चित्रकला शिकायला आलेला

मी १९७८ मध्ये अभिनवलाच प्रवेश घेतला, म्हणजे खटला चालू असतानाच. वडील सांगलीत शिक्षक. त्यांना सगळ्यांनी सांगून पाहिलं, मुलाला मुंबईला जे.जे.ला धाडा. ते म्हणाले, कॉलेजने काय केलंय? बरोबरच होतं. पण खोली शोधताना कळलं की लोक इतकं बारीक बघत नाहीत.

खोलीची चौकशी नेहमी एकाच क्रमाने व्हायची. गाव कुठलं, आडनाव काय, अंडं खाता का. इथवर मी उत्तीर्ण. मग 'कुठल्या कॉलेजला?' उत्तर दिलं की बाई म्हणायच्या, 'अगं बाई, आजच एकाला शब्द दिला की.' एका ठिकाणी तर चहा झाला होता, भाडं ठरलं होतं. कॉलेजचं नाव ऐकून आजोबांनी कपबशी माझ्या हातून स्वतः काढून घेतली. शेवटी एका बेकरीवाल्याने पोटमाळा दिला. त्याला कॉलेजचं काही नव्हतं, फक्त पहाटे चारला भट्टी पेटायची त्याची तयारी हवी होती. मी केस कापले, दाढी काढली, झोळी सोडून रेक्झिनची बॅग घेतली. माझ्यासारखे अनेक होते. आमच्या बॅचचा फोटो पाहिला तर कमर्शियल आर्टचे वाटत नाही, बँकेच्या परीक्षेला बसलेले वाटतो.

सगळ्यांत जास्त ऐकलेला प्रश्न : 'तुमच्या कॉलेजात कुणालाच कसं कळलं नाही?' तो मी कुठल्याही कॉलेजबद्दल विचारला असता. तासांना दांडी मारणारं, पैसे उडवणारं, कट्ट्यावर मोठ्याने बोलणारं एक टोळकं सगळीकडे असतं, आणि त्यांतली नव्व्याण्णव टक्के पोरं पुढे संसाराला लागतात.

शिवाजीनगरच्या कोर्टात मी एकदा गेलो होतो. गर्दीत काही म्हणजे काही दिसलं नाही. माझ्या पुढे एक बाई चवड्यांवर उभी राहून बघत होत्या. खाली टेकल्या आणि बरोबरच्या बाईला म्हणाल्या, 'अगं, अगदी आपल्यातलेच दिसतात!' त्यांच्या आवाजात भीती नव्हती, तक्रार होती. जणू कुणी फसवलं होतं त्यांना.

आडनाव सुतार, शाळा पुण्यात

मला पाचवीपासून वर्गात 'जक्कल कुठाय?' असं विचारायचे. चिडवणं होतं, मनावर घेतलं नाही. पण माझा बाकावरचा मित्र मुसलमान होता. चौघांत तीन हिंदू नावं होती, तरी आमच्या गल्लीतला एक गृहस्थ गोष्ट सांगताना चौथ्यापासूनच सुरुवात करायचा. मला चिडवून झालं की विसरायचे. त्याला डबा वेगळा बसून खायला लागला होता काही दिवस. एवढंच.

वकील, तेव्हा ज्युनिअर

खटल्याबद्दल दोन शब्द, कारण वर कुणी त्यात शिरलेलं नाही. तपासात मधुसूदन हुल्याळकर आणि माणिकराव दमामे या पोलीस अधिकाऱ्यांची नावं पुढे आली. नदीतल्या प्रेताच्या दोरीची गाठ आणि आधीच्या दोन घरांतल्या गाठी यांचं साम्य, चौघांच्या जबान्यांत पडलेला फरक, आणि मग ओळखीतल्या मुलांनी तोंड उघडणं, अशी ती साखळी जुळली. पहिल्या खुनात सामील असलेला एक जण माफीचा साक्षीदार झाला. मे १९७८ मध्ये सुनावणी सुरू होऊन २८ सप्टेंबरला न्यायाधीश वामन नारायण बापट यांनी चौघांना फाशी सुनावली. एप्रिल १९७९ मध्ये उच्च न्यायालयाने ती कायम केली, नोव्हेंबर १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपिलाची परवानगी नाकारली.

खरी कायद्याची झुंज त्यानंतरची. फेब्रुवारी १९८३ मध्ये वथीश्वरन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी सांगितलं की फाशीची शिक्षा झाल्यावर दोन वर्षांहून जास्त विलंब झाला तर ती जन्मठेपेत बदलून मागता येईल. पुण्यात ही बातमी आली तेव्हा आमच्या बाररूममध्ये चहा गार झाला. पुढच्याच महिन्यात शेरसिंग खटल्यात तीन न्यायमूर्तींनी ती दोन वर्षांची रेघ पुसली. नुसता काळ मोजायचा नाही, गुन्ह्याचं स्वरूपही बघायचं. त्याच वर्षी शाहचा अर्जही फेटाळला गेला. २७ नोव्हेंबर १९८३ ला, रविवारी, येरवड्यात चौघांना फाशी झाली.

माझे सीनियर फाशीच्या विरोधातले. गावात 'चौकात लटकवा' चाललेलं असताना हा माणूस बाररूममध्ये उभं राहून सांगायचा की कायदा नावडत्या माणसावरच तपासून बघायचा असतो. त्यांच्याकडची दोन-तीन पक्षकार मंडळी कागद घेऊन निघून गेली. मी तेव्हा त्यांच्या बाजूने नव्हतो, आजही पूर्ण नाही. दहा माणसं, त्यांत विशी न ओलांडलेली मुलं, हे मला ओलांडता येत नाही. पण मधली वर्षं मी येरवड्यात इतर पक्षकारांना भेटायला जायचो तेव्हा त्या भिंतीआड चौघे आहेत हे डोक्यात असायचं. शाहने आत बसून आत्मकथन लिहिलं, ते छापूनही आलं. मी विकत घेतलं आणि अर्ध्यावर ठेवलं. चांगलं लिहिलं होतं, तीच अडचण झाली.

कोल्हापूर

अटकेनंतर आम्हाला कळलं की ऑगस्ट १९७६ मध्ये ही मंडळी आमच्याकडेही एका व्यापाऱ्याच्या घराचा बेत करून गेली होती आणि तो फसला होता. म्हणजे घाबरायचं ते आम्ही सगळं झाल्यावर घाबरलो. आईने त्याच आठवड्यात कुत्रा पाळला. तो इतका प्रेमळ निघाला की पाहुण्यांना दारापासून पाटापर्यंत आणून सोडायचा.

कसबा पेठ

माझी आठवण तळ्यातल्या पिंपाची आहे.

काका १९७५ मध्ये दहावीत नापास होऊन घर सोडून गेला होता. त्या काळी मुलं पळून जायची, मुंबईला, सुरतेला. पेपरात 'बाळ, आई आजारी आहे, परत ये' अशा जाहिराती असायच्या. आजीचा हिशेब सोपा होता : वाईट कळलं नाही, म्हणजे बरा आहे. पेशवे पार्कच्या तळ्यातून ते पिंप काढलं आणि गावाला समजलं की सव्वा वर्ष ज्याचा पत्ता नव्हता तो मुलगा गावातच पाण्याखाली होता, त्या दिवशी आजीचा हिशेब मोडला. त्या मुलाकडून घरच्यांच्या नावे चिठ्ठीही लिहून घेतली होती, हे वाचल्यावर तिने काकाची जाताना ठेवलेली चिठ्ठी ट्रंकेतून काढली आणि माझ्या वडिलांना विचारलं, 'हे अक्षर त्याचंच, पण त्याने आपणहून लिहिलंय का?' याला काय उत्तर देणार?

पुढे कुठेही बेवारस प्रेताची बातमी आली की आजी वडिलांना ससूनला पाठवायची. वडील कधी जायचे, कधी नुसतंच मंडईत चक्कर मारून 'तो नव्हता' म्हणून सांगायचे. आम्ही मुलं तळ्यावर बदकांना चुरमुरे टाकायला जायचो ते बंद झालं.

काका १९८१ मध्ये आला. सुरतेला साडीच्या कारखान्यात होता, पोट सुटलेलं, बरोबर गुजराती बायको. आजीने त्याला ओवाळलं, सुनेची ओटी भरली आणि सगळं झाल्यावर काकाच्या अशी एक कानफटात दिली की शेजारचे बघायला आले.

कॅम्प

सगळ्यांची माफी मागून जरा विरोधी सूर लावतो. 'पुण्यात आधी दारं उघडी असायची' हे पेठांचं पुणं झालं. आमच्या भवानी पेठेच्या टोकाला चोऱ्यामाऱ्या, हाणामाऱ्या आधीही होत्या, दारं आधीही बंद होती, आणि आमच्याकडे कुणाचा मुडदा पडला तर पेपरात चार ओळी यायच्या. १९७६ मध्ये शहर हादरलं कारण खून सभ्य वस्तीत झाले. आणि दुसऱ्यांदा हादरलं कारण करणारेही साधारण त्याच रस्त्यांवर हिंडणारे निघाले. मधल्या काळात पोलिसांच्या गाड्या मात्र आमच्याकडे येत होत्या. पर्वतीच्या ताईंनी लिहिलंय ते अक्षरन् अक्षर खरं आहे. फक्त मामांच्या जागी माझा थोरला भाऊ घाला आणि सोडवायला कुणी म्हातारा आला नाही एवढा फरक करा.

धागाकर्ती

कॅम्पवाल्यांनी माफी मागायचं कारण नाही. मी डेक्कनवर वाढले, आणि धागा काढताना माझ्याही डोक्यात पेठा आणि डेक्कनच होतं.

आमच्या आत्याचं सांगायचं राहिलं. ती ब्याऐंशीची आहे, आता बाणेरला अकराव्या मजल्यावर राहते. खाली रखवालदार, कॅमेरा, दाराला सेफ्टी डोअर, आत लॅच, वर साखळी. औषधं आणून देणाऱ्या पोराला ती आतूनच विचारते, 'कोण?' तो दुकानाचं नाव सांगतो. 'ते कळलं. तू कोण?' तो स्वतःचं नाव सांगतो. 'आईचं नाव काय?' सून वैतागते. पण तो पोरगा आता लिफ्टमधून बाहेर पडतानाच ओरडतो : दुकान, नाव, आईचं नाव, गाव लातूर. आत्या म्हणते, बाकी कुणाला विचारलं की घुश्श्यात येतात, हा एकटा सांगतो, म्हणून त्याला दिवाळीला शंभर रुपये जास्त.

लातूरचा पोरगा सांगतो आणि इमारतीतल्यांना मात्र राग येतो, कारण आत्या त्यांनाही विचारते. सोसायटीच्या सेक्रेटरीलाही विचारलं होतं. तिच्या मते १९७७ नंतर ओळखीच्या चेहऱ्याला सूट द्यायचं काही कारणच उरलं नाही.

भांडारकर रस्त्यावर राहणाऱ्या एका वाचकाने कळवलंय की मोबाइल घेतलेली पोरं अधूनमधून येऊन 'तो बंगला कुठला?' विचारतात आणि भलत्याच घरांचे फोटो काढतात. इथेही तिघांनी पत्ता विचारला होता, तो मजकूर मी काढला आहे. पुन्हा विचारल्यास पुन्हा काढीन. बाकी सोलापूर बाजार, गंज पेठ, येरवडा इकडच्या कुणाच्या आठवणी असतील तर जरूर लिहा, त्या बाजूचं फारच कमी आलंय.